गारवा काकडीकडून घ्यायचा

सासूबाईंना एखादा पदार्थ आवडला नाही तर त्या तसं बोलून दाखवत नाहीत. घास नुसता इकडून तिकडे सरकवत राहतात. मी केलेलं गार नूडल सॅलड त्यांनी पहिल्या तीन वेळा असंच सरकवलं. चौथ्या वेळी मात्र वाडगा पुढे करून म्हणाल्या, "अजून वाढ थोडं. आणि काकडी जास्त घाल." मधल्या काळात काय काय बदललं ते लिहून ठेवते आहे. ज्यांच्या घरी कुणाला ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, चालत नाही त्यांच्या कामी येईल. बाकीच्यांनाही उकाड्याच्या दिवसांत रात्रीच्या जेवणाला करून बघावंसं वाटेल.

आधी घरातलं सांगते, कारण त्याशिवाय मी नूडल्सच्या एवढी मागे का लागले ते कळणार नाही. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सिलिअॅक (ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होते तो आजार) आहे हे समजलं तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या. त्याआधी कित्येक वर्षं त्यांचं हिमोग्लोबिन आठ-साडेआठच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. जिना चढताना त्या मधेच कठडा धरून उभ्या राहायच्या आणि मला म्हणायच्या, "तू हो पुढे, मी येते." पोटाची तक्रार फारशी नव्हती, त्यामुळे आतड्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी एका डॉक्टरबाईंनी रक्तातल्या टीटीजी अँटिबॉडीची तपासणी लिहून दिली. मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेतला आणि निदान पक्कं झालं. आतड्याच्या आतल्या बाजूला अन्नरस शोषून घेणारे मखमलीसारखे बारीक अंकुर असतात, ते पार सपाट झाले होते. लोह पोटात जात होतं, अंगी लागत नव्हतं. उपाय एकच: गहू, बार्ली आणि राय ही धान्यं जन्मभर बंद.

(कुणाला शंका असेल तर एक लक्षात ठेवा. ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच करायची असते. आपल्या मनानेच आधी गहू सोडला तर अँटिबॉडी उतरतात आणि निदान हुकू शकतं.)

आईंना दुःख झालं ते गहू सुटल्याचं कमी आणि आपल्यासाठी वेगळं शिजवावं लागणार याचं जास्त. आयुष्यभर दुसऱ्यांना करून घालणाऱ्या बाईला "माझ्यासाठी वेगळं नको" याशिवाय काही सुचत नव्हतं. म्हणून मी ठरवलं की वेगळं करायचंच नाही. जे त्यांना चालेल तेच आम्ही तिघांनी खायचं. नूडल्स मला आणि नवऱ्याला फार आवडतात, तेव्हा नूडल्सपासून सुरुवात केली.

आणि पहिल्याच वेळी चुकले. पाकिटावर पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत बकव्हीट लिहिलं होतं. बकव्हीट म्हणजे कुट्टू, गहू नव्हे, हे मला माहीत होतं. नावात व्हीट असलं तरी ते गवताच्या कुळातलं धान्यसुद्धा नाही, त्याचं नातं रूबार्बशी आणि आंबट चुक्याशी. त्या भरवशावर मी पाकीट घेतलं, त्यातल्या सोबा (बकव्हीटच्या जपानी) नूडल्स उकडल्या, गार केल्या, वाढल्या. रात्री दोनला आईंच्या खोलीत दिवा लागलेला दिसला. पोट दुखत होतं, उलट्या होत होत्या, आणि तरीही मला उठवलं नव्हतं. सकाळी कचऱ्यातून पाकीट काढून मागची बाजू वाचली. घटकांच्या यादीत पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं होतं. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे त्या नूडल्समध्ये सर्वांत जास्त गहूच होता. पुष्कळशा सोबामध्ये असा थोडाफार गहू असतो, कारण नुसत्या बकव्हीटच्या पिठाला तार धरत नाही, लाटताना ते तुटतं. पूर्ण बकव्हीटच्या सोबा मिळतात, पण त्या शोधून घ्याव्या लागतात.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. बारीक अक्षरं वाचणं हा माझा रोजचा धंदा. त्या सकाळी ते पाकीट हातात धरून मी ओट्यापाशी बराच वेळ उभी होते. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक बाटली आणि प्रत्येक पाकीट मागच्या बाजूने वाचलं जातं. एकदा मी वाचते, एकदा आई भिंग घेऊन वाचतात.

वाचायला लागल्यावर गहू कुठे कुठे दडलेला असतो ते दिसायला लागलं. साध्या सोया सॉसमध्ये सोयाबीनबरोबर गहू असतो, तो आंबवण्याच्या पद्धतीतलाच भाग आहे. त्याच्या जागी तामारी हा जपानी सोया सॉस वापरायचा. तामारी बहुतेक वेळा बिनगव्हाचा असतो, तरी पाकिटावर ग्लूटेन-फ्री लिहिलेलं असेल तोच घ्या. ऑयस्टर आणि होइसिन सॉसमध्ये दाटपणासाठी गव्हाचं पीठ घातलेलं असू शकतं. मॉल्ट व्हिनेगर बार्लीपासून होतं, तांदळाचं किंवा सफरचंदाचं चालतं. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचं जपानी वाटण, तेसुद्धा काही वेळा बार्लीचं असतं. खारे-मसाल्याचे तयार शेंगदाणे घेतले तर त्यावरचं आवरण गव्हाचं असू शकतं, म्हणून दाणे घरीच भाजते. कितीतरी देशांत ग्लूटेन-फ्री म्हणायची मर्यादा एका किलोत २० मिलिग्रॅम अशी आहे. एवढ्याशा प्रमाणाची गोष्ट चाललेली असताना जुन्या चाळणीच्या भोकांत अडकलेला पास्त्याचा कणही मोठाच म्हणायचा. मी चाळणी नवी घेतली. लाकडी चमचे आणि चरे पडलेला लाकडी पाट बदलला. बाकी भांडी घासून चालली.

एकदा भाज्या चिरता चिरता आईंनी विचारलं, "गव्हाने असं होतं हे कळलं तरी कुणाला?" मी त्यांना विलेम-कारेल डिके यांच्याबद्दल सांगितलं. हे नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ. अशा मुलांना गहू सोसत नसावा, हा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासूनच होता. मग १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि त्यांचा संशय बळावला. पुढे १९५० मध्ये त्यांनी आपल्या प्रबंधात हे मांडलं. आईंनी सुरी खाली ठेवली. म्हणाल्या, "सगळीकडे उपासमार, आणि आपल्या पोराला पाव मिळत नाही म्हणून ते बरं होतंय. त्या आयांना काय वाटलं असेल गं." मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. नुसत्या गाजराच्या काड्या करत बसलो.

आता नूडल्स. सोबानंतर मी तांदळाच्या चपट्या नूडल्सकडे वळले आणि तिथेच ठेच लागली. पाकिटावर लिहिलेल्या वेळेइतक्या उकळल्या, गार पाण्याखाली धरल्या, ड्रेसिंग घातलं आणि "गार" सॅलड म्हणून तीन तास फ्रिजमध्ये ठेवल्या. बाहेर काढल्या तेव्हा रबराच्या पट्ट्या झाल्या होत्या. काट्याने उचलल्या की तुटायच्या, चावल्या की आत कोरड्या कोरड्या लागायच्या. पुढच्या वेळी जास्त शिजवून पाहिल्या. बाहेरून लगदा आणि फ्रिजमधून काढल्यावर पुन्हा आत तोच कोरडेपणा.

हे का होतं ते समजून घेतलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. गव्हाच्या नूडलमध्ये ग्लूटेनची जाळी असते, तीच पिठाला धरून ठेवते. तांदळाच्या नूडलमध्ये धरून ठेवायला दुसरं काहीच नाही. स्टार्च शिजून गार होताना जो घट्टपणा येतो, त्यावरच ती उभी असते. त्यातला एक प्रकारचा स्टार्च, अॅमिलोज, लवकर घट्ट होतो आणि नूडलला आकार देतो. दुसरा, अॅमिलोपेक्टिन, सावकाश घट्ट होत जातो, आणि तो झाला की नूडल कडक लागते. हे दुसरं काम गोठणबिंदूच्या थोडं वरच्या तापमानाला सर्वांत झपाट्याने चालतं. म्हणजे नेमकं फ्रिजच्या तापमानाला. मी नूडल्स गार राहाव्यात म्हणून त्यांना ज्या जागी ठेवत होते, तीच जागा त्यांना सर्वांत जास्त बाधत होती.

तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच: नूडल्स फ्रिजमध्ये जात नाहीत. फ्रिजमध्ये जातात त्या भाज्या, ड्रेसिंग आणि वाढायचा वाडगासुद्धा. नूडल्स शेवटी शिजवायच्या, गार पाण्यात धुवायच्या आणि लगेच कालवायच्या. दाताखाली येतो तो गारवा काकडीचा, कोबीचा, तामारी-लिंबाचा असतो. नूडल नुसती नळाच्या पाण्याइतकी गार असली तरी पुरते आणि मऊ, लवचीक राहते. थंड आणि गार यांत आपण बोलताना जो फरक करतो ना, तोच इथे चवीत उतरतो.

तिघांना १५० ग्रॅम कोरड्या नूडल्स पुरतात. मी तीन-चार मिलिमीटर रुंदीच्या घेते. आधी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायच्या. हे टाळू नका. कोरड्याच उकळत्या पाण्यात टाकल्या तर बाहेरचा थर आतल्यापेक्षा आधी शिजतो, आणि आत कणी राहीपर्यंत बाहेर चिकट लापशी होते. भिजल्या की त्या बोटाभोवती गुंडाळता येतात, पण चावल्या तर कच्चट लागतात. मग भरपूर पाणी खळखळून उकळायचं, त्यात नूडल्स सोडायच्या आणि तिथून हलायचं नाही. मिनिटभरात एक काढून बघायची.

बघायची कशी ते आईंकडून शिकले. त्या एक नूडल चिमटीत धरून खिडकीपाशी नेतात आणि उजेडासमोर धरतात. शिजली नसेल तर मधोमध पांढरी रेघ दिसते, दोऱ्यासारखी. रेघ अगदी पुसट झाली, जाईजाईशी झाली की त्या "काढ" म्हणतात, आणि मी पातेलं उचलून चाळणीत पालथं करते. रेघ पूर्ण गेली तर उशीर झालेला असतो, कारण चाळणीत पडल्यावरही नूडल आपल्या उष्णतेने थोडी शिजतेच. पाकिटावरची मिनिटं मी आता बघतही नाही.

लगेच गार पाणी, आणि पाणी चालू असतानाच हात आत. हे काम आईच करतात, मला करू देत नाहीत. दोन्ही हातांनी नूडल्स खालून उचलायच्या, बोटं पसरून पडू द्यायच्या, पुन्हा उचलायच्या. सुरुवातीला बुळबुळीत लागतात आणि पाणी दुधट निघतं. दोन-तीन वेळा पाणी बदललं की ते स्वच्छ यायला लागतं आणि नूडल बोटांवरून सरकताना किंचित अडखळते. ते अडखळणं आलं की वरचा सुटा स्टार्च गेला असं समजायचं. तो राहिला तर पाच मिनिटांत सगळ्याचा एक गोळा होतो. शेवटचं पाणी बर्फाचं घेते. मग स्वच्छ सुती कापडावर पसरून दहा मिनिटं निथळू द्यायच्या. इथे घाई केली तर उरलेलं पाणी वाडग्याच्या तळाशी जमतं आणि ड्रेसिंग पाणचट होतं. निथळल्या की चमचाभर तिळाचं तेल हाताने चोळायचं.

मुगाच्या स्टार्चच्या पारदर्शक नूडल्सही चालतात. उकळतं पाणी ओतून झाकून ठेवल्या की झाल्या. त्यांत अॅमिलोज जास्त, म्हणून सहज फुटत नाहीत. पण त्यांना स्वतःची चव जवळजवळ नसते. मला तांदळाच्याच आवडतात.

ड्रेसिंग सकाळीच करून फ्रिजमध्ये टाकते. एक मोठा चमचा शेंगदाण्याचं बटर वाटीत घेऊन त्यात दोन मोठे चमचे कोमट पाणी थोडं थोडं घालत घोटायचं. आधी ते दह्यासारखं फुटल्यागत दिसतं, घट्ट होतं. घोटत राहिलं की एकदम सैल होऊन गुळगुळीत येतं. त्यात दोन मोठे चमचे तामारी, दोन मोठे चमचे लिंबाचा रस किंवा तांदळाचं व्हिनेगर, एक मोठा चमचा तिळाचं तेल, दोन लहान चमचे साखर, किसलेलं आलं, लसणाची एक पाकळी आणि एक हिरवी मिरची वाटून. चाखून बघाल तेव्हा ते जरा जास्तच तिखट-आंबट-गोड लागायला हवं. गार पदार्थात गोडी कमी जाणवते, शिवाय नूडल्स आणि काकडी त्याला पातळ करतातच. चमच्यावर बेताचं लागलं तर वाडग्यात फिकं लागणार.

भाज्या तुमच्या आवडीच्या घ्या, काकडीवर मात्र माझा हट्ट आहे. दोन काकड्यांचे उभे दोन भाग करायचे आणि मधला बियांचा पाणचट भाग चमच्याने काढून टाकायचा. मग बारीक काड्या करून अर्धा चमचा मीठ चोळायचं, पंधरा मिनिटं ठेवायचं आणि मुठीत पिळायचं. भांड्यात जवळजवळ अर्धी वाटी पाणी निघतं. ते निघालं नसतं तर ड्रेसिंगमध्येच उतरलं असतं. पिळलेली काकडी फ्रिजमध्ये ठेवली की ती आणखी करकरीत होते. बाकी एक मोठं गाजर, मूठभर जांभळा कोबी, कांद्याची पात, कोथिंबीर आणि पुदिना भरपूर. पातीच्या उभ्या चिरलेल्या पट्ट्या बर्फाच्या पाण्यात टाकल्या तर गोल गोल वळतात. नवऱ्याला तेवढंच काम दिलेलं आहे आणि तो ते फार मन लावून करतो. पोटभरीचं हवं असेल तर पातळ आम्लेट करून त्याच्या सळ्या, किंवा परतलेला टोफू.

कालवायचं ते पानं घेताना. आधी नूडल्स आणि निम्मं ड्रेसिंग हाताने, मग भाज्या, मग उरलेलं ड्रेसिंग, वरून जाडसर भरडलेले दाणे आणि खमंग भाजलेले तीळ. दाणे आधी घातले तर मऊ पडतात. हाताने कालवलं की नूडल्स तुटत नाहीत, चमच्याने तुटतात.

आणि हो, शिजलेल्या तांदळाच्या नूडल्स ओट्यावर दोन तासांहून जास्त ठेवू नका. तांदळात बॅसिलस सेरिअस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवल्यावरही टिकतात आणि उबेत वाढतात. उरलंच तर फ्रिजमध्येच ठेवावं लागतं. मग ते कडक होणार, पण त्यालाही वाट आहे, आणि ती आईंनी शोधली.

मला दुपारच्या डब्यात हेच सॅलड न्यायचं होतं. मी म्हटलं, जमणार नाही, सकाळी एवढं सगळं करायला वेळ कुठे असतो. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर आईंनी रात्रीच्या न कालवलेल्या कडक नूडल्स चाळणीत घेतल्या होत्या आणि किटलीतलं उकळतं पाणी त्यांच्यावर ओतत होत्या. अर्धं मिनिट, जास्त नाही. घट्ट झालेलं अॅमिलोपेक्टिन उष्णतेने पुन्हा सैल होतं. मग गार पाणी, झटकणं, तिळाचं तेल. एक नूडल उजेडासमोर धरून त्यांनी माझ्या तोंडात दिली. रात्रीसारखीच मऊ होती.

डबा तीन भांड्यांचा करायचा. नूडल्स एकात, पिळलेली काकडी आणि भाज्या दुसऱ्यात, ड्रेसिंग छोट्या बाटलीत. सगळं बर्फाच्या पिशवीला लावून न्यायचं आणि दोन-अडीच तासांत खाऊन टाकायचं, म्हणजे नूडल्सना पुन्हा कडक व्हायला फारसा वेळ मिळत नाही. ड्रेसिंगची बाटली आधी नीट हलवा, दाण्याचं बटर तळाशी बसतं.

आईंचं हिमोग्लोबिन गेल्या तपासणीत ११.८ होतं. त्या रिपोर्टाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पुढच्या वेळी घ्यायच्या भाज्या लिहून ठेवल्या आहेत. पहिली ओळ: काकड्या तीन.